हाडातला सूर

ताराचंदनं उठून कूलर बंद केला आणि टेपची फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर ओवली. नागपूरच्या इतवारीतल्या त्याच्या कापडदुकानावरची ती खोली लगेच तापू लागली. पण कूलरच्या घरघरीत मनोहरमास्तरांचं व्हायोलिन लावणं त्याला पाप वाटत होतं. शामलाबाईंनी नवऱ्याच्या पाठीशी तक्क्या सरकवला आणि त्यांचा लुळा पडलेला डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

मनोहररावांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. हात गेला, शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी गेली, ते त्यांनी कसंबसं गिळलं. पण उन्हाळा लागता लागता एका सकाळी ते म्हणाले, "शामला, माहा आवाजच मले आठवून नाही राहिला." तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं. ताट तसंच परत येई. माणूस असा डोळ्यांदेखत विझत चाललेला पाहून शामलाबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

आणि व्हायोलिनचा तो आवाज तरी कसा! महाल भागातल्या त्यांच्या गल्लीतून जाणारा माणूस सायकलवरून उतरे आणि म्हणे, "मनोहरराव बसले वाटते." नागपुरात व्हायोलिन वाजवणारे दुसरेही होते, तयारीचे होते, पण एका सुरावरून ओळखू येत ते हेच. कशामुळे, यावर रिकामटेकडे लोक तावातावानं भांडत. कुणी म्हणे गजाचा दाब, कुणी म्हणे तारा. शामलाबाईंना स्वयंपाकघरात बसून कळलं होतं ते साधं होतं. सुरावर पोचण्याआधी ते किंचित खाली थांबत, उंबऱ्याशी चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखे, आणि मग आत येत.

यंत्रासमोर बसायचं नाही, हा मात्र त्यांचा हट्ट. "सूर काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवाले?" असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांना वाटेला लावलं होतं. ही एकच फीत होती, तीही ताराचंदनं आपल्या घरच्या मैफलीत पडद्यामागे मशीन दडवून चोरून घेतलेली. भीतीपोटी त्यानं ती कधी बाहेर काढली नव्हती. शेवटी शामलाबाईंनीच त्याच्यापुढे पदर पसरला.

फीत फिरू लागली. यमन होता. पहिल्याच गंधाराला शामलाबाईंच्या अंगावर काटा आला. तोच थांबा, तेच आत येणं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मोठ्या आशेनं नवऱ्याकडे पाहिलं.

मनोहरराव मान किंचित कलती करून ऐकत होते, परक्याच्या मैफलीत बसत तसे. फीत संपल्यावर ते म्हणाले,

"हात चांगला आहे. कोण आहे हा?"

ताराचंद हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मास्तर थट्टा करत नाहीत.

"तुमीच नं, मास्तर. माह्याच घरची मैफल. चोरून घेतली होती, माफी मागतो."

मनोहररावांनी रागावायचंही मनावर घेतलं नाही. फीत पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा ऐकली.

"बोटं माहीच आहेत," ते म्हणाले. "पण आवाज माहा नाही. बहुतच पातळ आहे. दुरून येऊन राहिला."

"मशीन जुनी झाली, मास्तर."

"मशीनचा दोष नाही गा." त्यांनी उजव्या हाताची बोटं गळ्याखालच्या हाडावर टेकवली. "जिंदगीभर व्हायोलिन इथं टेकलेलं. मले तो इथून ऐकू ये, हाडातून. बाहेरून मी कधी ऐकलाच नाही."

सगळं गाव ज्या आवाजावर जीव टाकत होतं तो गावाजवळ होता, ताराचंदच्या कपाटात होता. एका मनोहररावांजवळ तेवढा नव्हता.

घरी येताच त्यांनी व्हायोलिन काढायला लावलं. शामलाबाईंनी त्यांची मांडी घालून दिली, वाद्याचं एक टोक उजव्या पावलावर आणि दुसरं गळ्याखालच्या हाडाशी टेकवलं. गज त्यांनी स्वतःच धरला. उजवा हात शाबूत होता. तारेवर बोट शामलाबाईंनी ठेवायचं.

"अजून खाली. तिथंच थांब. आता ये वर."

शामलाबाईंनी मनातल्या मनात हजारदा ऐकलेला तो थांबा घेतला आणि बोट वर सरकवलं. तार किंचाळली. त्यांनी पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. मनोहरराव डोळे मिटून आपल्याच छातीशी कान लावल्यासारखे बसून होते. मग त्यांनी गज खाली ठेवला.

"हा तुह्या बोटाचा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी हळूच विचारलं,

"शामला, तू तर घरातच राहे. तुले तरी माहावालाच आवाज ऐकू ये नं? हाडातला?"

लग्न झाल्यापासून शामलाबाई त्यांच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मले तोच ऐकू ये. टेपमधला नाही."

मनोहररावांचा चेहरा उजळला. वर्षभरात पहिल्यांदाच. ते कष्टानं पुढे झुकले आणि त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं.

"मग सांग नं वं. कसा होता?"

शामलाबाईंचं बोट अजून तारेवरच होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. कानात दुपारचा तो गंधार होता, फितीवरचा. दुसरा कुठलाच नव्हता. आणि मनोहरराव वाट पाहत होते.