फॅरोच्या घरचा पोळा

तुळशीराम पेंटरनं पिंपळगाव राजा या गावातल्या दुकानांच्या पाट्या तीस वर्षं रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि त्याच्या ब्रशांवर धूळ बसली. उरलं काय, तर पोळ्याला बैलांची शिंगं आणि गणपतीत मंडळाचा पडदा. त्यातही मंडळाची अध्यक्ष प्राची म्हणजे एक घाव दोन तुकडे. तिनं सांगूनच टाकलं, "काका, औंदा इजिप्तचा देखावा हाये. स्पर्धेत नंबर नाही आला तर पुढच्या साली फ्लेक्स लावू."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. तुळशीरामनं पिरॅमिड काढले, एका बाजूला तोंड केलेला तिथला राजा, फॅरो, काढला. राजाच्या अंगात साधी बंडीही नाही, याचं त्याला वाईट वाटलं, पण फोटोत होता तसाच काढला. मग आला बैल, शिंगांमध्ये गोल चकती असलेला. पोळा होऊन चारच दिवस झाले होते आणि चाळीस जोड्यांची शिंगं रंगवलेला हात काही ऐकेना. बिचाऱ्याची पाठ उघडी कशी ठेवायची? त्यानं बैलावर आरशांची झूल टाकली, कपाळाला बाशिंग बांधलं, गळ्यात घुंगरमाळ घातली आणि राजाच्या हाती पुरणपोळीचं ताट दिलं.

प्राचीनं पडदा पाहिला तेव्हा परीक्षकांची गाडी चौकात येऊन थांबली होती.

"काका! हे इजिप्त हाये का पोळा?"

"बिनझुलीचा बैल काढाले हातच उठत नाही वं, पोरी."

पुसायला वेळ नव्हता. गेला आपला पडदा, असं तुळशीरामला वाटलं.

परीक्षक नारायणराव खामगावचे, इतिहासाचे निवृत्त मास्तर. चष्मा पुसून ते बैलाकडे बघतच राहिले.

"हे कोणी काढलं?"

"म्याच, सर. चूक झाली," तुळशीराम हात जोडून पुढं आला. "चकती पाह्यली न् वाटलं, थेही आपल्यासारखेच बैल सजवत असतीन."

"सजवतच होते!" नारायणराव खो खो हसले. "बैल देव होता त्यांचा. मेला तर राजासारखा पुरायचे. अहो, इजिप्त ज्याच्या हाती लागला त्यानं त्याला आपलेच कपडे घातले. ग्रीकांनी आपले देव तिथं बसवले, रोमनांनी तिथले खांब आपल्या चौकात उभे केले, इंग्रजांनी ममीची भुताटकी केली. तुम्ही झूल घातली, तर काय बिघडलं?"

तेवढ्यात गर्दीतून अंबूबाई पुढं झाली. घरी दोन बैलजोड्या असलेली म्हातारी ती. तिनं रंगवलेल्या बैलाला हळदकुंकू लावलं. "राजा चांगला हाये बाई. सोताच्या हातानं पोळी चारून राह्यला," असं म्हणून तिनं त्यालाही नमस्कार केला. तिच्यामागं बायांची रांग लागली.

नंबर आला, तिसरा. प्राची धावत सांगायला आली.

"काका, पुढच्या साली चीन. पडदा तुमचाच."

तुळशीरामला भरून आलं. बाहीनं डोळे पुसत त्यानं विचारलं, "चीनमंधी बैल असतात का वं?"

"नसले तरी तुम्ही काढसानच," प्राची म्हणाली.