आढळलेले रुग्ण : निरंक

खसखशीच्या दाण्याहून लहान किडा. गवताच्या पात्यावर दबा धरून बसतो, कुणाची तरी पोटरी घासून जाईल म्हणून.

कुरवंड्याच्या वाटेवर मुंबईचे पर्यटक त्याच गवतात आडवे पडून फोटो काढतात.

नथूआबांच्या घरातला टीव्ही हल्ली एवढ्या मोठ्याने लागतो, की ओढ्यापलीकडच्या बायका मालिका ऐकत भांडी घासतात.

ऑगस्ट : निरंक. सप्टेंबर : निरंक. ऑक्टोबर : निरंक.

अनिताने सोमाटण्याहून स्कूटी काढली तेव्हा डिकीत पाव किलो पेढे होते. ते का घेतले, हे वडगाव मागे पडेपर्यंत तिचं तिलाच कळेना. कळलं तेव्हा लाज वाटली.

आंदर मावळातल्या एका आरोग्य केंद्रात ती लॅब टेक्निशियन. पाच वर्षं झाली, कंत्राटावर. दर महिन्याच्या पाच तारखेला तालुक्याला तक्ता धाडायचा. मलेरिया किती, डेंग्यू किती, स्क्रब टायफस किती. हा शेवटचा त्या खसखशीहून लहान किड्याचा ताप. त्याच्या तपासणीची कार्डं वर्षाला एकच डबा यायची. पावसाळ्याच्या पहिल्या सर्दी-तापातच ती उडून जायची, आणि किड्याचे खरे दिवस तर श्रावणानंतर. मग तपासणार कशाने? पण तक्त्यात ‘तपासलं नाही’ असा रकानाच नव्हता. रिकामा सोडला की फोन. म्हणून ती लिहायची, निरंक. सगळेच लिहायचे. लिहिताना हात अडखळल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तेच आता जास्त टोचत होतं.

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या साहेबांकडे बैठक झाली. जादा कार्डांसाठी जिल्ह्याने निधी काढला होता.

“मावळात तीन वर्षं रुग्ण नाही,” साहेब म्हणाले. “रोग जिथे आहे तिथे पैसे देऊ.”

“सर, रोग आहे.”

“तुमचाच तक्ता म्हणतोय नाही. सोमवारपर्यंत एक तरी पॉझिटिव्ह कागद आणा.”

एक होता. सरूबाई. सप्टेंबरात पाच दिवसांचा ताप घेऊन केंद्रात आली. अनितानेच रक्त काढलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. गोळ्या देऊन घरी पाठवली. नवव्या दिवशी शुद्ध हरपली. पुण्याच्या खासगी हॉस्पिटलात निदान झालं. जीव वाचला, कान गेले. तो रिपोर्ट तालुक्याला कधी पोचलाच नाही. तो होता सरूबाईच्या घरात.

अंगणात तिचा नवरा, नथूआबा, बसला होता. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती.

“या या, रक्तवाल्या म्याडम! अजून काडायचं ऱ्हायलं व्हय?”

अनिताने पुडा पुढे केला.

“पेढे? कशाचे? कान गेल्याचे?”

तिने खालमानेने सगळं सांगितलं. तक्ता, निरंक, सोमवार. आबा म्हणाला, “मला नगा सांगू. कान तिचे, कागद तिचा. तिला सांगा. आन मोट्यानं बोला. असं तोंडातल्या तोंडात तिला पोचत न्हाई.”

सरूबाई उंबऱ्यात येऊन बसली. अनिता तिच्यासमोर उकिडवी झाली.

“मावशी, माझी चूक झाली.”

“आँ?”

“माझी चूक झाली!”

खळ्यावरचे हात थांबले.

“काय झालं गं?” एक बाई म्हणाली.

“म्याडम कायतरी कबूल करत्यात,” शकुबाई म्हणाली. “गप, ऐकू दे.”

“इथे रोग नाही असं मी लिहिलं! तीन वर्षं! म्हणून कार्डं आली नाहीत! तपासायला कार्डच नव्हतं, मावशी! असतं तर तुमचे कान...”

पुढचं रडण्यात बुडालं. सरूबाई तिच्या ओठांकडे बघत होती. किती पोचलं कोण जाणे. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट घेऊन आली.

“घे. आन वरडू नगंस, घसा बसंल,” आपण किती मोठ्याने बोलतोय हे न कळून ती म्हणाली. “नव्हतंच तर तू तरी कुटनं आणणार गं?”

“च्या टाका रं तिला,” आबा म्हणाला. “लय रडली.”

अनिताने चहा घेतला. शकुबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा ती एवढी दचकली, की बशीतला चहा सांडला.

सोमवारी तिने रिपोर्ट जोडला. शिवाय छत्तीस महिन्यांच्या तक्त्यांमध्ये जिथे जिथे कार्डं संपल्यावर ‘निरंक’ लिहिलं होतं, तिथे खोडून ‘तपासणी झाली नाही’ लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. साहेबांनी तक्ते दोनदा चाळले. मावळाला सहा डबे मंजूर झाले, आणि अनिताला कारणे दाखवा नोटीस.

“धाडस केलंस बाई,” केंद्रातल्या सविता सिस्टर म्हणाल्या. “आमच्यानं नसतं झालं.”

“असं नका म्हणू.”

“का? खरंच तर सांगितलंस.”

अनिताने नवा डबा उघडला, कार्डं मोजली, कपाटात लावली. नोटिशीला उत्तर द्यायला सात दिवस होते. तिने तिथेच बसून लिहायला घेतलं. कार्ड नसल्याने, इथपर्यंत आली आणि पेन ठेवलं.

सरूबाईचं रक्त काढलं त्या दिवशी कपाटाच्या मागच्या खणात एक कार्ड शिल्लक होतं. अगदीच कुणी गंभीर आलं तर असावं, म्हणून अनिताने ते बाजूला ठेवलं होतं.