गावात राहिलेला मोगरा

लग्नघरात निर्णय एकाच तोंडाने व्हावेत, असे माझे मत आहे. आणि आमच्या घरी ते तोंड माझे आहे. थोरल्या नातीचे, रुचिताचे लग्न गेल्या वैशाखात धरले, तेव्हा मी पहिल्याच बैठकीत सांगितले की पंगतीतला एकही पदार्थ कमी होणार नाही, मानपानात हात आखडायचा नाही, आणि या दोन्हींतून जे उरेल त्यात मंडपाची फुले बसवायची. माझा मुलगा कमळाकर हो म्हणाला. फुलांचे असे काय मोठे असते, अशी त्याची समजूत होती. माझीही तीच होती.

मग रुचिताने मला तिच्या फोनवर हल्लीचे मंडप दाखवले. छताला एखादी बाग उलटी टांगावी, तसे ते मंडप होते. सगळे रंग फिकट. जणू धुऊन धुऊन उतरलेले. हल्ली हेच चालते, लाल-पिवळे कोणी लावत नाही, असे ती म्हणाली. फुलांची नावेही तिने सांगितली, पण त्यांतले एकही फूल आपल्या मातीत उगवत नाही. ती सगळी विमानाने येतात. शहापूरचा मंडपवाला हरेश घरी आला आणि त्याने त्या फुलांचा दर सांगितला, तेव्हा कमळाकरने चहा बाजूला ठेवून पाणी मागितले.

हरेश माणूस वाईट नाही. आमची अडचण ओळखून त्याने दुसरा मार्ग काढला. त्याच्याकडे कापडी फुले होती, तशीच फिकट, तशीच भरगच्च, आणि भाडे अगदी बेताचे. टेंपोतून त्याने नमुन्याचा एक गुच्छ आणून माझ्या हाती दिला. मी तो उलटून पाहिला. आतल्या एका पाकळीवर हळदीचे बोट उमटलेले होते. कोणा मुलीच्या लग्नातले, ते तिचे तिला ठाऊक.

“उष्टी फुलं माझ्या दारात नकोत,” मी म्हणाले.

हरेश हसला, पण गुच्छ त्याने परत घेतला.

त्याच बैठकीत माझी धाकटी नात कुणाली दाराला टेकून उभी होती. कल्याणच्या एका सजावटकाराकडे दोन वर्षे काम करून ती नुकतीच घरी परतली होती. आता मुरबाडला स्वतःचा सजावटीचा धंदा काढायचा, असे तिच्या मनात होते. आणि तिने बँकेच्या परीक्षेला बसावे, असे तिच्या बापाच्या. फुले ओवून कोणाचे घर चालले आहे, हा कमळाकरचा प्रश्न रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर ऐकू येई. दोघांपैकी कोणी ऐकत नव्हते, आणि माझा निकाल मागण्याचे धाडसही कोणी करत नव्हते.

त्या दिवशी कुणाली पुढे आली. “आजी, ताईचा मंडप मला दे.”

कमळाकर काही बोलणार होता. मी हात वर केला. मुलगी माझ्या डोळ्यांत बघून बोलली होती, हे मला आवडले.

“दिला,” मी म्हणाले. “मंडप साजरा झाला, तर तुझा धंदा उघडायला मी स्वतः नारळ फोडीन. आणि पाहुण्यांत हसं झालं, तर फुलांचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाय. मुकाट बँकेचा फॉर्म भरायचा.”

“चालेल,” ती म्हणाली. हात मात्र तिने पाठीमागे घेतले.

आमच्या गावात भात कापले की पुढचा उन्हाळा मोगऱ्यावर जातो. घरटी मोगऱ्याची थोडी तरी रोपे आहेतच. उजाडण्यापूर्वी बायका कळ्या खुडतात, त्या बर्फासह थर्माकोलच्या खोक्यांत बसतात आणि गाडीने दादरच्या फुलबाजारात जातात. कळी मुंबईला पोहोचेपर्यंत मिटलेली राहिली पाहिजे, हीच आमची सगळी विद्या. उमललेला माल व्यापारी घेत नाही. चुकून झाडावर राहिलेले एखादे फूल संध्याकाळी पोरी केसांत माळतात, तेवढेच.

कुणालीने या मोगऱ्यावरच बोट ठेवले. लग्नाच्या दिवशी गावाने आपल्या कळ्या दादरला न पाठवता तिला द्याव्यात. व्यापारी देतो तोच भाव ती देईल. “आजी, कळी महाग नाय. कळीचा प्रवास महाग,” असे ती मला म्हणाली. बांबूंचा साधा मंडप, खांबांना आंब्याचे डहाळे, आणि बोहल्यावरच्या छतातून सरळ खाली सोडलेल्या कळ्यांच्या सरी. दुसरे काही नाही. मुहूर्त गोरज होता. दिवस मावळायला लागला की त्या कळ्या आपोआप उमलतील, वधूवरांच्या डोक्यावर. फोनमधल्या कोणत्याही मंडपाला हे जमायचे नाही, असे तिचे म्हणणे होते.

मी विचारले, असे कोणी केलेले तिने पाहिले आहे काय. तिने नाही म्हणून सांगितले. खोटे बोलली नाही, म्हणून मी पुढे विचारले नाही.

लग्नाच्या पहाटे गावातल्या बायका लखमाच्या मागून टोपल्या घेऊन आल्या. लखमा ही आमच्याकडची खुडणाऱ्या बायकांची म्होरकी. तिच्या हाताखालून गेलेली कळी वाटेत उमलली, असे एकाही व्यापाऱ्याने कधी म्हटलेले नाही. ओटीवर बसून त्यांनी सरी ओवल्या. थट्टामस्करी, रुचिताच्या सासरच्यांना नावे ठेवणारी गाणी, सगळे यथासांग झाले. जेवणवेळेपर्यंत सरी तयार होत्या. दुपार कलली की त्या टांगायच्या, एवढे सांगून कुणाली बहिणीला नेसवायला आत गेली.

ती बाहेर आली, तेव्हा ओटी रिकामी होती. सरी कुठे दिसेनात. लखमा मागच्या पडवीतून पदराला हात पुसत आली आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, “काय काळजी करू नको गो. उकाडा मरणाचा, म्हणून सगळ्या बर्फात घातल्या. एक कळी उमलली, तर माझं नाव बदल.”

पडवीत दादरची थर्माकोलची खोकी ओळीने मांडली होती. बायकांनी रोजची जी उत्तम रीत होती, ती जीव लावून पार पाडली होती. कुणालीने एक सर उचलून पाहिली. कळ्या गार, हिरवट आणि खड्यांसारख्या घट्ट. मुहूर्तापर्यंत त्या उमलणे कठीण, हे मलाही दिसले. पण लखमाला ती एक शब्द बोलली नाही. “हात लावा, टांगून घेऊ,” एवढेच म्हणाली. त्या घटकेला मला ती पोर आमची वाटली.

वऱ्हाड कल्याणहून वेळेवर आले. नवरामुलगा प्रणय शांत, रीतीचा. त्याच्या बरोबरची मंडळी तेवढी शांत नव्हती. बोहल्यावर टांगलेल्या त्या बारीक हिरवट-पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहून त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला की मुलीकडच्यांनी अक्षता टाकायचे कष्ट वाचवले, आधीच छताला टांगून ठेवल्या. वऱ्हाड हसले. आमच्याकडचेही दोघेतिघे हसले. ते कोण, हे मी पाहून ठेवले. मुलाची आजी गीताबाई हसल्या नाहीत, पण वर पाहून त्यांनी जो पदर सावरला, त्याचा अर्थ मला कळतो.

कमळाकर माझ्याजवळ आला. हरेश पाहुणा म्हणून आला होता आणि त्याचा टेंपो नेहमीप्रमाणे भरलेलाच असतो. अर्ध्या तासात हे छत झाकून देतो, असे त्याने सांगितले होते. “आये, तू फक्त हो म्हण. पोरीचा हट्ट पुरे झाला. चारचौघांत आपली मान जातेय.”

मी कुणालीला बोलावले. “उमलतील काय?”

“उमलतील.”

“मुहूर्ताला?”

तिने वर सरींकडे पाहिले. “ते सांगता येत नाय आजी. बर्फाची थंडी अजून त्यांच्यात हाये. बोहल्याकडे तोंड करून ते दोन कूलर लावलेत ना, ते अजून गार वारा मारतात त्यांना. ते बंद झाले तर...” पुढे बोलण्याचे तिला धैर्य झाले नाही. वैशाखाच्या उकाड्यात वऱ्हाडासमोरचे कूलर बंद करायचे, हे कोणत्या मुलीकडच्याने केले आहे?

कमळाकर म्हणाला, हे मात्र होणार नाही.

“कूलर बंद कर,” मी म्हणाले. “पंखेसुद्धा.”

“आये, लोक काय म्हणतील?”

“मला म्हणतील. तू बंद कर.”

कूलर थांबले आणि मंडपात भट्टी पेटल्यासारखे झाले. लग्नपत्रिकांचे वारे सुरू झाले. कल्याणच्या मंडळींचे शर्ट पाठीला चिकटले. वीज गेली काय, असे कोणी विचारले. गेली नाही, घालवली आहे, असे कोणी उत्तर दिले. गीताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या कपाळ टिपत म्हणाल्या, “विहीणबाई, तुमच्याकडं पाहुण्याला उकडून वाढायची रीत हाये काय?”

“उकडीचे आमच्याकडे चांगले होतात,” मी म्हणाले. त्यांना हसू आले, पण ते त्यांनी दाबले. मी वर पाहिले नाही. मी वर पाहते आहे असे दिसले असते, तर सगळ्यांनी पाहिले असते.

अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टके सुरू केली. दिवस डोंगराला टेकला होता आणि मंडपात तो तांबूस, जड उजेड भरला होता, ज्यात गुरे घरी येतात. पहिले कडवे झाले. दुसरे झाले. तिसऱ्याच्या मध्यावर मला वास आला.

वास म्हटले, तर मोगऱ्याचा वास मला जन्माचा ठाऊक आहे. पहाटेच्या खोक्यांचा, ओल्या गोणपाटाचा, हिरवट आणि अर्धवट. हा तो नव्हता. हा वरून उतरला, हळूहळू, कोणी एखादी भरजरी शाल सगळ्यांच्या खांद्यांवर एकदम टाकावी तसा. मंडपातले पत्रिकांचे वारे थांबले. गीताबाईंनी मान वर केली. मग मीही केली.

एखाददुसऱ्या सरीवर पांढरे ठिपके मोठे झाले होते. मी एका कळीवर नजर लावून बसले. ती काही हलली नाही. कंटाळून शेजारच्या सरीकडे पाहिले आणि नजर परत आणली, तर ती उमललेली होती. असेच होत गेले. कोणतीही कळी उमलताना दिसली नाही, आणि उमललेली फुले मात्र वाढत राहिली. छताचा हिरवा रंग विरत गेला. सरी रुंद झाल्या, एकमेकींना भिडल्या, मधले अंतर भरून आले, आणि शेवटी दोऱ्या, बांबू, छत काही उरलेच नाही. माझ्या नातीच्या डोक्यावर फक्त एक शुभ्र, श्वास घेणारी वस्तू होती. ती माणसाने केली होती आणि माणसाने केलेली नव्हती.

भटजींनी शेवटचे ‘सावधान’ म्हटले आणि अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्याच नाहीत. सगळ्यांच्या मुठी भरलेल्या आणि माना वर. भटजींना दुसऱ्यांदा ‘सावधान’ म्हणावे लागले. माझ्या एवढ्या आयुष्यात मी ते प्रथमच ऐकले.

वाजंत्री सुरू झाली, तेव्हा मागे स्वयंपाकाकडून लखमा आणि तिच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. हात पिठाचे, पदर खोचलेले. लखमा बोहल्याजवळ आली आणि एका सरीला हात लावायला गेली. मग हात मागे घेतला.

“मोठ्या आय,” ती अगदी हळू म्हणाली, “आमी रोज पहाटं खुडतो, तो हाच काय गो?”

मी म्हणाले, “हाच.”

“मंग असा होतो व्हय तो, तिकडं जाऊन.”

बायका तिथेच उभ्या राहिल्या. मला त्यांना पंगतीच्या कामाला पाठवायला हवे होते. मी पाठवले नाही.

कूलर पुन्हा लागले होते, पण त्यांच्याकडे कोणी सरकले नाही. अक्षता टांगल्याचे म्हणणारा तो मुलगा बोहल्याखाली मागे वाकून फोनवर छताचे चित्र घेत होता. हरेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला, त्याने वर पाहिले, आणि टेंपोकडे गेला.

गीताबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या दुसऱ्या नातवाचे लग्न मार्गशीर्षात होते. मंडप कोणाचा, माणूस कुठला, आधी बोलून ठेवावे लागते काय, असे त्या मला विचारू लागल्या. कमळाकर जवळच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी काय बोलणार हे त्याला माझ्या आधी कळले असावे. कारण त्याने मान खाली घातली, पण ओठांवर हसू होते.

“आमची धाकटी नात कुणाली,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “मुरबाडला तिचं सजावटीचं दुकान निघतंय. नारळ अजून फुटायचा हाये, पण काम तुमी बघितलंत.”

कुणाली एका खांबाला धरून उभी होती. रडत होती की हसत होती, ते त्या उजेडात नीट दिसले नाही. मी तिला खुणेने जवळ बोलावले.

गीताबाईंनी मलाच पुन्हा विचारले, “मग भाव काय धरायचा, विहीणबाई? घरचंच समजून सांगा.”

“ते तिला विचारा,” मी म्हणाले. “आणि मार्गशीर्षात मोगरा नसतो, तेही तिच्याकडूनच समजून घ्या.”

कुणालीने पदराने तोंड पुसले, गीताबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि मार्गशीर्षात आमच्या रानात काय काय उमलते, ते सांगायला बसली. तिने पुष्कळ सांगितले. त्यातले काही मला चूक वाटले. मी मध्ये बोलले नाही.