हशाचा शब्द शेवटी

विद्यापीठाच्या नाट्यविभागात विनोदी लेखन आणि पटकथा शिकवण्यात मास्तरांची तीस वर्षं गेली होती. दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच नियम लिहीत : हशाचा शब्द वाक्याच्या शेवटी. त्यानंतर जे असेल ते कापा.

बायको जाऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी वर्गात कानावर पडलेल्या बोलण्याचा पाठ होता. बाहेर ऐकलेलं वहीत जसंच्या तसं उतरवून आणायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पोरांनी बसमधली, कँटीनमधली भांडणं आणली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, आमचंच किती ऐकणार? तुमचं वाचा की एखादं!"

मास्तरांच्या पिशवीत दवाखान्यातली वही होतीच. बायकोच्या उशाशी बसूनही त्यांची ही खोड सुटली नव्हती. तीच म्हणायची, "लिहा, लिहा. मरता मरता फुकटचा मजकूर देतेय तुम्हाला." त्यांनी शेवटचं पान काढलं आणि कोणाचं ते न सांगता वाचलं.

"नर्स म्हणते, 'काकू, चादर बदलते हं. आणखी काही बदलायचंय?' काकू म्हणतात, 'नवरा.'"

वर्ग खो खो हसला. मास्तरांना बरं वाटलं. तिचे हे शेवटचे शब्द. त्यानंतर ती बोललीच नाही. भेटायला येईल त्याला ते हेच सांगत. रडत आलेला माणूस हसत जायचा. या एका शब्दावर ते दिवस ढकलत होते.

पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. सारखी वाद घालते म्हणून वर्गाने तिला 'वकीलबाई' करून टाकलं होतं.

"सर, हे ऐकलेलं नाही वाटत. लिहिलेलं वाटतं."

"का गं बाई?"

"आजारी बाई इतकं मोजून मापून बोलेल? हशाचा शब्द बरोबर शेवटी! हा तर तुमचा नियम झाला. त्या काकू कुठे आहेत यात?"

"झालं, वकीलबाईंनी सरांवरच खटला भरला!" कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

मास्तरांनी वहीत पाहिलं. 'नवरा'च्या पुढे दीड ओळ खोडलेली होती. खोडलेलं त्यांनीच. तिला स्मशानात पोचवून आल्यावर दोन-तीन दिवसांनी वही उघडली होती आणि हात आपोआप चालला होता. जरा पसरट झालंय, असंही वाटलं होतं, तेही आठवलं. खोडलेले शब्द काही केल्या आठवेनात.

तास अर्धवट सोडून ते शिक्षकांच्या खोलीत गेले आणि पान खिडकीच्या काचेला लावून पाहू लागले. शाई गडद होती. रेघेच्या वर एका अनुस्वाराचा ठिपका तेवढा सुटला होता.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली. ती चप्पल काढत होती तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तू होतीस ना खोलीत? आई शेवटी काय म्हणाली?"

लेक हसली आणि तिचे डोळे भरले. "नवरा!"

"त्याच्यापुढे? पुढे काहीतरी म्हणाली होती."

"पुढे कुठे काय? तुम्हीच तर सांगता, बाबा. नवरा म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो."

"आणि ती?"

लेक थबकली. "तीही हसलीच असेल की."

असेल. म्हणजे हिलाही माहीत नव्हतं. होतं ते त्यांनी सांगून सांगून पुसलं होतं.

"बाबा, चहा टाकू?"

टेबलाशी बसून, त्या दीड ओळीत मावेल असं वाक्य ते लिहून पाहू लागले. 'नवरा, पण राहू दे, सवय झालीय.' मग दुसरं. मग तिसरं. अनुस्वार जुळेल असे शब्द शोधले, ती मध्ये दम घ्यायची तिथे टिंबं दिली. सहा वाक्यं झाली. सहाही फक्कड जमली होती, आणि तिचं त्यात कुठलं, हे सांगायला जगात कोणी नव्हतं.