भूतमुशीचा काटा

मोरीत सुरी परातीला घासल्याचा आवाज आला आणि दुपारची शांतता मोडली. हुदाचं पेन थांबलं. चार वर्षांची नशरा आत्ताच कुठे निजली होती, आणि एवढ्याशा वेळात वहीत जेमतेम माशाचे डोळे आणि कातडी लिहून झाली होती. डोळे मोठे, हिरवे. अंगाला खवलं नाहीत. कल्ल्याची फट एकच. मुशीला, म्हणजे शार्कला असतात तशा पाच नाहीत.

खोल समुद्रातली ही भूतमुशी तिचा दीर तौसीफ ट्रॉलरवरून बर्फात घालून पनवेलला घेऊन आला होता. नशरा झाली तसं हुदाचं कॉलेजातलं माशांचं काम सुटलं होतं. "या माशाची जात नक्की करून दाखव, मग परत घेते तुला," वसुंधरा मॅडम म्हणाल्या होत्या. त्या उद्या येणार होत्या. जात ठरायची ती पाठीवरच्या काट्यावरून; तो त्याच्यामागच्या पराच्या टोकाच्या वर जातो की खालीच राहतो, एवढंच मोजायचं होतं. पण काटा बर्फात चिकटलेला, म्हणून मासा वितळायला तिनं मोरीत परातीत ठेवला.

आणि या घरात मोरीत माशाची परात दिसली की जिचा हात मोकळा तिनं मासा साफ करायचा. सात वर्षं हे तिला ठाऊक होतं.

ती धावली. सासू सुगरा पाटावर बसून तुकडे करत होती. माशाला डोकं नव्हतंच.

"अम्मी, काटा कुठाय?"

"पयला तोच छाटला. पोरीच्या हाताला लागला असता. भिंतीपलीकडं टाकला, मांजरांनी नेलापण."

"विचारायचं तरी होतं."

"मासा साफ करायला विचारायचं? उद्या भात टाकायलापण विचारू काय?"

"माझं एक काम होतं, अम्मी. चार वर्षांत एक. तेपण कालवणात घातलंत तुमी."

"कालवण अजून ठेवलं पण नाय," सुगरा म्हणाली. तिची बोटं बर्फानं पांढरी पडली होती. ती दिसली म्हणून हुदाचा राग आणखीच भडकला. या हातांवर ओरडताही येईना. परात उचलून आपटावी असं तिला वाटलं. तिनं नुसती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

नशरा डोळे चोळत दारात आली. तुकड्यांकडे बघत राहिली.

"मम्मी, मॅडमना आता याचं नाव काय सांगशील?"