चार चौकोन

मोहनरावांच्या घरात मोहनराव बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. चकलांब्यात हे कोणाला सांगावं लागत नसे. त्यामुळे त्या दिवशी दारामागून बायकोचा आवाज आला, तेव्हा त्यांची सुपारी तशीच अडकित्त्यात राहिली.

विषय बैठकीच्या जमिनीचा होता. हैदराबादेत एका वकिलाच्या दिवाणखान्यात मोहनरावांनी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी पाहिली होती, बुद्धिबळाच्या पटासारखी, आणि तेव्हापासून घरची सारवलेली जमीन त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली होती. पौषात तहसीलदारसाहेब हुरड्याला यायचे होते. त्याच्या आत बैठक तशी व्हायलाच हवी. समोर बसलेला घाटनांदूरचा गवंडी शहादेव म्हणत होता, काळा-पांढरा दगड बसवू, गुडघाभर खणून मुरूम-चुना भरू, नातवंडांच्या काळापर्यंत हलणार नाही. दुसरी सोय होती विलायती मेणकापडाची. जाडजूड, वर तेच चौकोन छापलेले. गुंडाळी उलगडायची, कडेनं चुका ठोकायच्या, की झालं काम. मोहनरावांचा कौल अर्थातच दगडाला होता. छापील कापडावर मिरवायला ते काय तमाशाचा तंबू टाकणार होते?

"दगुड नगं," आतून वच्छलाबाई म्हणाल्या. "ती गुंडाळीच आणा. जमीन खांदायची न्हाई."

परक्या माणसासमोर! वीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. शहादेव मान खाली घालून मिशीत हसला. मोहनराव इतके चाट पडले की रागवायचं राहून गेलं, आणि त्या नादात नाही म्हणायचंही राहून गेलं. गुंडाळी आली.

न्याहरीनंतर घरचा गडी सटवा अंथरायला लागला आणि जेवणाआधी बैठक वकिलाच्या तोलाची झाली. गाव बघायला लोटलं. म्हातारा आश्रुबा तेवढा पांढऱ्या चौकोनांवर पाय देत टुणटुण चालला. "काळ्यात पडलो तर काडील कोण बे?" तो सटवाला म्हणाला, आणि मोहनराव पोट धरून हसले.

पंधरवड्यात ते हसू मावळलं. खिडकीखालच्या कोपऱ्यात कापड फुगलं आणि कुबट वास सुटला. साहेब तर दोन दिवसांवर आलेले. उंदीर मेला असेल म्हणून सटवानं कापड उचललं. कोपऱ्यातल्या चुका हातानंच निघाल्या. कोणीतरी त्या उपसून पुन्हा नुसत्या खोचल्या होत्या. खाली सुपाएवढी जागा ओल्या शेणानं सारवलेली, बोटांच्या रेषा ताज्या, आणि मधोमध हळदीकुंकू.

सटवा दोन पावलं मागं सरला. "मालक, करणी हाय ही. कायतरी पुरलंय खाली."

मोहनरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांच्या घरात, त्यांच्या बैठकीत, साहेब यायच्या तोंडावर! "कुदळ आण," ते ओरडले. "खांद. काय आसंल ते भाईर काड."

सटवानं कुदळ आणली, उचलली, आणि तेवढ्यात वच्छलाबाई आतून धावत आल्या आणि त्या ओल्या जागेवर बसकण मारून बसल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"आदी मह्या डोक्यात घाला ती कुदळ."

"अगं, कावून? कोणी पुरलंय? तुला ठावं हाय?"

"आपली पोरगी हाय हितं."

सटवानं कुदळ आवाज न करता खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

मोहनरावांना आधी उमगेचना. पोरगी कुठली? आपल्याला तर दोन मुलगे. मग आठवलं. पहिलं बाळंतपण, सहा दिवसांची मुलगी. तेव्हा ही बैठक नव्हती, बाळंतिणीची खोली होती, आणि ते मुकदम्यासाठी हैदराबादेत होते. परत आले तेव्हा आई म्हणाली, झालं गेलं. आणि नदीकाठी पुरलं असेल असं त्यांनी आपलं धरून टाकलं.

"आत्याबाई म्हणल्या, दात न आलेलं लेकरू घराभाईर न्यायचं न्हाई," वच्छलाबाई सांगत होत्या. "बाळंतिणीच्या खोलीतच ठिवलं की परत त्याच कुशीत येतं म्हणं. न्हाई आली. मी मातूर दर आठ दिसाला सारवायच्या निमतानं हात फिरवीत हुते. तिच्या अंगावरून फिरवल्यावानी. तुमचं कापड आंथरल्यावर कसा फिरवू? म्हणून चुका काडीत हुते."

घरात तीन बाया कामाला असताना ही खोली बायको स्वतः सारवते, याची मोहनरावांनी कितीदा चारचौघांत चेष्टा केली होती. ते त्यांना आता आठवलं.

"मला सांगायचं तरी."

"सोळा वर्सं झाली. तुमी इचारलं का कवा?"

विचारलं नव्हतं. मुकदम्याचा निकाल मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला महिनाभर रंगवून सांगितला होता. मोहनरावांना स्वतःची इतकी लाज उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी सटवाला हाक मारली नाही. स्वतः विळा आणला, गुडघे टेकले आणि त्या कोपऱ्यातले चार चौकोन कापून काढले. दोन काळे, दोन पांढरे.

ठरल्या दिवशी साहेब आले. हुरडा खाल्ला, बैठकीची तारीफ केली, आणि चौकोन न्याहाळत खिडकीकडे निघाले. त्यांचा बूट त्या उघड्या मातीवर पडणार, इतक्यात मोहनराव ओरडले.

"हुजूर, वहां पांव नको!"

साहेब दचकून थांबले. त्यांच्याशी या आवाजात तालुक्यात कोणी बोललं नव्हतं. "क्यों?"

"मेरी बेटी है वहां."

साहेब त्या मातीकडे आणि हळदीकुंकवाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय मागं घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "क्या नाम था बच्ची का?"

सहाव्या दिवशी गेलेल्या मुलीचं बारसं झालं नव्हतं. तिला नाव असेल, हे मोहनरावांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"तारा," दारामागून वच्छलाबाई म्हणाल्या.