मुठीतला गोळा

मी एक जुना रबरी गोळा आहे, मित्रांनो. रक्तदाब मोजताना डॉक्टर जो दाबतात ना, त्याचाच चुलतभाऊ. मी एमआरआयच्या खोलीत राहत होतो. तिथल्या यंत्राला लोखंडाचं भारी वेड, म्हणून माझ्या अंगात धातूचा कणही नाही. नुसतं रबर, हवा आणि भिंतीपलीकडे जाणारी लांब नळी. पेशंट यंत्राच्या बोगद्यात शिरला की मी त्याच्या मुठीत. त्याने मला दाबलं की पलीकडे घंटा वाजायची आणि यंत्र थांबवलं जायचं.

पहिली काही वर्षं माझा मोठा मान होता. तेव्हाच्या टेक्निशियनबाई प्रत्येकाला आधी मला दाबायला लावत. घंटा वाजली की म्हणत, "ऐकलीत? आता निर्धास्त आत जा." किती घामेजलेल्या मुठी सांभाळल्या मी! पुढे बाई निवृत्त झाल्या. नव्या दादांना फार घाई. ते मला नुसते हातात कोंबत. त्यामुळे नळीच्या सांध्याशी मला चीर पडली ती कुणाला कळलीच नाही. आणि सांगायला मला तोंड कुठे होतं?

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. उजव्या हाताला मुंग्या येत, कात्री हातातून निसटे. मानेत नस दबली आहे का ते पाहायचं होतं. सोबत मुलगी होती. दादांनी यादी वाचायला घेतली. "पेसमेकर? अंगात सळई, स्क्रू? अंगावर औषधाची पट्टी?"

"नाही, नाही, काही नाही," मुलगी फडाफडा सांगत सुटली.

"अगं, सकाळी मी खांद्याला..." आजी म्हणाल्या.

"आई, तू थांब. मी सांगतेय ना!"

आजी अंगठी काढू लागल्या. दुखण्यावरची एक पट्टी त्यांच्या खांद्यामागे चिकटलेली होती आणि तिच्या थरात यंत्रात तापणारा धातू होता. अंगठी, कानातले, चष्मा, केसांतल्या पिना, सगळं निघालं. पट्टी मात्र गाउनखाली राहून गेली.

यंत्र ठकठकू लागलं. थोड्या वेळाने आजी पुटपुटल्या, "भाजतंय गं बाई," आणि त्यांनी उजव्या मुठीत मला दाबलं. कसं दाबलं म्हणून सांगू! चाळीस वर्षं कात्री चालवलेली बोटं ती. माझ्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, पण हवा चिरेतून फुस्सकन निघून गेली. घंटा गप्पच. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा, पुन्हा. मी जीव खाऊन फुगायचो आणि दर वेळी वाया जायचो. त्यांचा खांदा हलला तशी भोंग्यातून सूचना आली, "आजी, हलू नका हं, चित्र पुसट येतंय." त्या ओरडल्या, पण त्या खडखडाटात ऐकणार कोण? मग बिचाऱ्यांनी हलणंही सोडलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत राहिलं. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा खांद्यामागे कोटाच्या बटणाएवढा फोड आला होता. मुलगी रडायलाच लागली. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, हा गोळा का नाही दाबलात?"

आजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "दाबत होते रे, सारखी दाबत होते. हातात जोरच उरला नाही वाटतं." मग मुलीला म्हणाल्या, "माझी कात्री आता तूच घेऊन जा."

मी गादीवर तसाच पडून होतो. आजी घरी गेल्या.

माझी चीर सापडली चार दिवसांनी. तेव्हापासून मी या खणात आहे. मित्रांनो, माझ्यासारखा गोळा कुणाच्या हाती देण्याआधी एकदा दाबून बघत जा. आणि ज्याला आत झोपायचंय, त्याचं बोलणं त्याला पुरं करू द्या. माझं आणखी एक काम कराल? कात्री देऊन टाकलेल्या त्या आजी कुठे भेटल्या, तर त्यांना सांगा. जोर होता त्यांच्या हातात, भरपूर होता. फाटलेला मी होतो.